आज्जीला विचारा : भांडण तुमचं, देवाला कशाला ओढता?

डिसेंबरच्या अंकासाठी दरवर्षी माझ्याकडे करंज्या का फुटतात, चकली मऊ का पडते असल्या चौकश्या येतात आणि मला त्या आवडतात, कारण उत्तर देता येतं. यंदा केकचं पत्र एकच. बाकी सगळी घरातली, आणि वाचता वाचता लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी देवाला आपल्या पार्टीत घेऊन ठेवलंय, सासूने सुनेविरुद्ध, मुलाने आईविरुद्ध, एका ठिकाणी तर पाळकसाहेबांनीच एका दुःखी बाईविरुद्ध. म्हणून आज जरा कडक बोलणार आहे, राग आला तर पुढच्या महिन्यात तसं कळवा. नावं कोणाचीच छापत नाही, गावं पण मोघम ठेवलीत, आपल्या भागात गल्ली सांगितली की लोक घर ओळखतात.

प्रश्न : आज्जी, जय ख्रिस्त. मी तुमच्याच वयाची, खानापूर तालुक्यातली. मुलगा बेंगळूरला, सून धारवाडची, त्यांच्या घरी कन्नड. नातू सात वर्षांचा, इंग्लिश मीडियम, मराठी समजतं पण वाचता येत नाही. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर प्रार्थना घ्यायची असं मी ठरवलं, तर तो कन्नडात प्रार्थना करतो, मराठीत म्हण म्हटलं की फोन आईकडे देऊन पळतो. सून म्हणते, अत्ते, देवाला सगळं कळतं. मला वाटतं आमच्या घरातली उपासना माझ्याबरोबरच संपणार.

आज्जी : जय ख्रिस्त, ताई. सात वर्षांचं पोरगं झोपायच्या आधी हात जोडून देवाशी बोलतंय आणि तुम्ही रडताय? माझ्या ओळखीत अशा आज्ज्या आहेत ज्यांची नातवंडं जेवायच्या आधी डोळे मिटायला पण लाजतात, त्यांनी तुमचं पत्र वाचलं तर काय म्हणतील.

तुमची भीती खोटी आहे असं नाही म्हणत मी. उपासना संगीताचं जुनं पुस्तक, पानं सुटलेली, कव्हरला पॅकिंग टेप, ते माझ्यानंतर कोण उघडणार हा विचार मलाही येतो. पण जरा मागे जाऊन बघा की. आपल्या बेळगावात लंडन मिशनचे लोक आले १८२० ला. धारवाडला बासेल मिशन आलं १८३७ ला. म्हणजे सुनेच्या माहेरचं चर्च काही कालपरवाचं नाही, तिच्या पणजीनेही कन्नड गाणी म्हणतच भाकऱ्या थापल्या असतील. आणि मराठीचं म्हणाल तर मराठीत नवा करार छापला गेला १८११ ला, तो पुण्यात नाही की मुंबईत नाही, तिकडे बंगालात श्रीरामपूरला, आणि छापणारे कॅरी साहेब आधी इंग्लंडात बूट शिवायचे. त्याच्याही आधी, १६१६ ला, आपल्या चोर्ला घाटाच्या पलीकडे गोव्यात एका इंग्रज फादरने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचून छापली. आपण जिला आमची आमची म्हणतो ती उपासना परक्या माणसांनी आपली भाषा शिकायचे कष्ट घेतले म्हणून आपल्या घरात आली. ते सातासमुद्रापलीकडून येऊन मराठी शिकले, आपल्याला धारवाडपर्यंतचं कन्नड शिकायला काय झालं? तसं भाजी घेताना, बसमध्ये कंडक्टरशी भांडताना बरोबर येतं की.

आता करायचं काय ते सांगते. तो कॉल म्हणजे क्लास झालाय, तो बंद करा. पाच मिनिटांच्या वर नेऊ नका. उद्या त्याला म्हणा, बाळा, मला तुझी ती प्रार्थना येत नाही, परलोकदल्लिरुव नम्म तंदेये, पुढे काय ते शिकव. आणि खरंच शिका, चुकलात तर चुकू द्या, आज्जी चुकली की पोरांना केवढा आनंद होतो, दुसऱ्या दिवशी तोच फोन लावेल बघा. महिनाभर त्याला मास्तर होऊ दे. मग एक दिवस सहज म्हणायचं, आता माझी पाळी, आणि हे आमच्या स्वर्गातील पित्या एवढीच ओळ. वाचता येत नाही ही अडचणच नाही मुळी, आपल्यातल्या किती जणींच्या आज्ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांनी स्तोत्र २३ कानांनीच पाठ केलं होतं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही, एवढी एक ओळ एका आठवड्याला पुरे. मोबाईलवर बायबलचं अ‍ॅप आहे त्यात मराठी वाचून दाखवायची पण सोय आहे, सुनेला सांगा ती घालून देईल, तिला मदत मागितलेली आवडेल. गाणी मात्र तुमच्याच आवाजात पाठवा. रेव्हरंड टिळकांची भजनं तुम्हाला पाठ असणारच, कुकरची शिटी मध्ये आली तर येऊ दे.

आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही, सुट्टीला तो आला की पाहुण्यांसमोर, म्हणून दाखव बघू बाळा आज्जीला. मी बघितलंय, चांगली गाणारी पोरं त्या एका वाक्याने मुकी होतात.

प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, दुसरं पत्र लिहिलं त्यात सुरुवातीलाच त्याच्या आज्जीचं नाव घेतलंय, लोईस, आणि आईचं, युनीके. तुझ्यात जो विश्वास आहे तो आधी तुझ्या आज्जीत होता असं म्हणतो तो. प्रेषितांची कृत्ये १६ वाचा, तीमथ्याचा बाप ग्रीक होता आणि आई यहुदी. त्या घरात एकच भाषा चालत असेल असं मला तरी वाटत नाही. लोईसबाईंनी पोराला काय शिकवलं, रोज किती वेळ बसवलं, त्यातलं काही लिहिलेलं नाही, आणि तीमथ्याला मात्र आज्जी होती हे पौलाला लक्षात राहिलं.

प्रश्न : मी निपाणीकडची, माहेर मराठा, दोन वर्षांपूर्वी रजिस्टर लग्न केलं, सासर ख्रिश्चन. मी धर्म बदललेला नाही, रविवारी नवऱ्याबरोबर चर्चला जाते, आवडतं पण. प्रॉब्लेम असा की माहेरी गणपती असतो, दरवर्षी भांडण होतं, यंदा बाळाला घेऊन गेले तर सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, म्हणाल्या देवाला हे चालत नाही. आता बाळाचा बाप्तिस्मा लवकर उरकून टाका म्हणून मागे लागल्यात. त्या तुमचं सदर दर महिन्याला वाचतात म्हणून लिहितेय.

आज्जी : हुशार आहेस हो पोरी. मग त्यांच्याशीच बोलते.

बाई, देवाला काय चालतं ते आपण शास्त्रातच बघू. करिंथच्या मंडळीत अगदी हाच तंटा होता, मूर्तीला दाखवलेलं खायचं की नाही. पौलाने पहिल्या पत्रात आठव्या अध्यायात लिहिलं की अन्नाने आपण देवाच्या जवळ जात नाही, खाल्लं नाही म्हणून काही कमी होत नाही आणि खाल्लं म्हणून जास्त होत नाही. दहाव्यात म्हणतो, कोणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा, चौकशा करत बसू नका. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणजे बघा दोन्ही बाजू आहेत, कोणाच्या मनाला टोचेल तिकडे बघून चालायचं. मी स्वतः आरतीच्या ताटातलं घेत नाही, नम्रपणे नको म्हणते, आणि त्याच घरात पंगतीला बसून उकडीचे मोदक खाते, आमच्या शेजारणीला हे माहीत आहे, ती माझ्यासाठी वेगळे काढून ठेवते, तिला वाईट वाटत नाही आणि मलाही. दुसऱ्या कोणाच्या मनाला हेही जमणार नाही, रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय त्यासाठीच आहे.

पण बाळाला माहेरी नेलं यात रागावण्यासारखं काय झालं सांगा? तिकडे बसलेली बाई पण त्याची आज्जीच आहे. नाताळला तुमच्याकडे नातू दिला नाही तर तुम्हाला कसं होईल. चार दिवस अबोला धरून तुम्ही सुनेला येशूबद्दल काय शिकवलंत, तर येशूच्या घरात रुसवे असतात. ती बिचारी आपण होऊन रविवारी येतेय, कोणी बोलावलं नाही तरी.

बाप्तिस्म्याचं. आपल्याकडे लहान लेकरांचा करतात ते खरं, पण वचन आईबापाने द्यायचं असतं, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून. जी आई ते वचन मनापासून देऊ शकत नाही तिला घाईने उभं करून उरकून टाका म्हणणं मला पटत नाही. मुलगा आणि सून दोघांनी पाळकांकडे जाऊन बसावं, दोन-तीनदा बसावं, तुम्ही तेव्हा घरी बाळ सांभाळा. आणि हो पोरी, तुझ्यासाठी, १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली झालेल्या लग्नात नवराबायकोपैकी कोणालाच धर्म बदलावा लागत नाही. तुझं लग्न त्याखाली झालं असेल तर कोणी काही म्हणालं तर हे सांग, पण हळू आवाजात सांग.

प्रश्न : आज्जी मी दहावीला आहे, संडेला सकाळी मॅथ्सचा क्लास असतो आणि आमची आज्जी म्हणते क्लासला गेलास तर देव नापास करील. खरंच करतो का?

आज्जी : नाही करत बाळा, गणित न केल्याने नापास होतात. पण बेळगावात मराठी, कन्नड, इंग्लिश उपासनांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, क्लास सुटल्यावर एखादी सापडतेच, शोध. आणि आज्जीला घेऊन जा बरोबर, इंग्लिश सर्व्हिसला. झोपली तरी चालेल ती.

प्रश्न : मी विधवा, वय ७१, बेळगावातच राहते, मुलाच्या घरात. मुलगा दोन वर्षांपासून एका नवीन प्रार्थना मंडळात जातो, पगाराचा दहावा भाग तिथे देतो, वर बिल्डिंग फंडाला वेगळे. माझी बीपीची आणि शुगरची गोळी संपली तर म्हणतो, आई, विश्वास ठेव, देवाचा पैसा मी तोडू शकत नाही. मी माझ्या पेन्शनमधून भागवते पण पुरत नाही. त्याला उलट बोलले तर मलाखीचं वचन वाचून दाखवतो. देवाच्या कामाला आडवी येते असं मलाच वाटायला लागलंय.

आज्जी : ताई, तुमचं पत्र वाचून मी चहा तसाच ठेवून उठले. तुम्ही कशाच्याही आडव्या आलेल्या नाही.

मुलगा मलाखी ३ वाचतो ना, दहावा भाग देवाला आणा म्हणणारं, तुम्ही मार्क ७ काढा, नवव्या वचनापासून तेराव्यापर्यंत. मोठ्याने वाचा, जेवताना. येशूच्या काळी पण ही युक्ती होती, आईबापाला द्यायचं ते कुर्बान म्हणजे देवाला वाहिलं म्हणून सांगायचं, की आईबापाला काही द्यायला नको. येशू त्यावर किती चिडलाय ते बघा, तुम्ही देवाचा शब्द रद्द करता म्हणतो तो, आणि हे तो नास्तिकांना नाही म्हणत, रोज प्रार्थना करणाऱ्या लोकांना म्हणतो. मग १ तीमथ्य ५, चौथं वचन. विधवेला मुलं-नातवंडं असतील तर त्यांनी आधी आपल्या घरात धर्माने वागायला शिकावं, आईवडिलांचे उपकार फेडावे, देवाला हे आवडतं. आधी असा शब्द आहे तिथे. बिल्डिंग नंतर.

दशमांश देऊ नये असं माझं म्हणणं नाही, मी पण पाकिटात घालते. पण आईची गोळी बंद करून दिलेल्या पैशाला दान म्हणायचं असेल तर ते दान तुमचं झालं, त्याचं नाही. आणि बीपी-शुगरची गोळी विश्वासाने सोडायची नसते, त्याच पौलाने तीमथ्याला पोटासाठी औषध म्हणून थोडा द्राक्षारस घे असं लिहिलंय, नुसती प्रार्थना कर नाही म्हणाला. गोळी एकही दिवस चुकवू नका, सरकारी दवाखान्यात बीपी-शुगर तपासून फुकट गोळ्या मिळतात, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे, आधारकार्ड दाखवलं की झालं.

आता हे पण ऐकून ठेवा, वापरावं लागू नये. २००७ चा कायदा आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा. मुलगा सांभाळत नसेल तर आपल्याकडे असिस्टंट कमिशनरच्या, म्हणजे प्रांताच्या ऑफिसात अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिना दहा हजारांपर्यंत खर्च द्यायचा हुकूम होऊ शकतो आणि नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. अर्ज कसा करायचा हे विचारायला १४५६७ हा ज्येष्ठांचा फुकट नंबर आहे. कोर्टकचेरी करा असं मी सांगत नाही, पण मुलाला हे माहीत असलेलं बरं. आधी तुमच्या जुन्या चर्चमधल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला घरी बोलवा, ज्याचा शब्द तो मानतो, आणि त्याच्यासमोर मार्क ७ वाचायला मुलालाच सांगा. स्वतःच्या तोंडाने वाचलं की जरा वेगळं लागतं.

प्रश्न : कॅम्पात राहते. मिस्टर मार्चमध्ये गेले. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की काहीच येत नाही, डोळे मिटते आणि नुसतं रिकामं. चर्चमध्ये आमची जागा ठरलेली, तिथे बसवत नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, बाई, विश्वास कमी पडतोय, जास्त प्रार्थना करा. नाताळ तर नकोच वाटतोय.

आज्जी : ते चुकीचं बोलले. माणूस चांगला असेल, पण चुकीचं बोलले.

बायबलमध्ये १५० स्तोत्रं आहेत, त्यातलं ८८ वं काढा. दुःखाच्या बाकीच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटी कुठेतरी तरी पण मी तुझी स्तुती करीन असं येतं, यात येत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारावरच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही, त्या लिहिणाऱ्याला विश्वास कमी पडतोय म्हणून कोणी बाहेर बसवलं नाही. तुमच्याकडे शब्द नाहीत तर त्याचे उसने घ्या, तेच रोज वाचलं तरी ती प्रार्थनाच आहे. तेही जमत नसेल तर राहू दे. रोमकरांस ८, वचन २६, आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी कण्हतो. तुमच्या वतीने चालू आहे ते, तुम्ही सुट्टी घेतली तरी.

ईयोबाचे मित्र आठवतात? सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप बसले, एक शब्द नाही, आणि तोपर्यंत ते चांगले मित्र होते. तोंड उघडलं तिथून सगळं बिघडलं. आपल्या महिला समाजातल्या बायांनी हे जरा लक्षात ठेवावं, मयताच्या घरी जाऊन देवाची इच्छा, देवाची इच्छा करत बसू नका, चहाच्या कपबश्या धुवा.

जागा बदला. मागच्या बाकावर, दाराजवळ, मधूनच उठून जाता येईल अशी. कोणी विचारलं तर पंख्याचा वारा लागतो म्हणून सांगा. नाताळला स्टार लावायचा नसेल तर नका लावू, कॅरलवाली पोरं येतात तेव्हा दार उघडावंसं नसेल वाटत तर शेजारच्यांकडे त्यांचा खाऊ देऊन ठेवा. फक्त २५ तारखेला एकट्या जेवू नका, कोणाकडे तरी जा, नाहीतर कोणालातरी बोलवा. आणि झोप अजिबात लागत नसेल, जेवण तुटलं असेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही, १४४१६ वर टेली मानसचा फोन फुकट आहे. ते काय विश्वासाचं औषध नाही आणि विश्वासाच्या विरुद्ध पण नाही.

प्रश्न : चंदगडहून लिहितेय. खोबरं घातलेला रव्याचा केक, गोव्याकडचे बाथ म्हणतात तो, ओव्हन नाही म्हणून कुकरमध्ये करते तर मध्ये बसतो आणि खाली करपतो.

आज्जी : चला, एक तरी कामाचा प्रश्न आला. प्रमाण बघ, पाव किलो बारीक रवा, पाव किलो साखर, एका नारळाचं ओलं खोबरं बारीक वाटून, सव्वाशे ग्रॅम लोणी, चार अंडी, एक छोटा चमचा बेकिंग पावडर. लोणी-साखर हाताने फेसायची, त्यात अंड्याचं पिवळं, मग रवा आणि खोबरं, चवीला वेलची, चिमूटभर मीठ, आणि हे रात्रभर झाकून फ्रिजमध्ये ठेवायचं. बहुतेक तू हेच करत नसशील, रवा फुगला नाही की केक बसतो. पांढरं वेगळं फ्रिजमध्ये ठेव, सकाळी फेस येईपर्यंत फेट, बेकिंग पावडर आणि ते सगळ्यात शेवटी हलक्या हाताने मिसळ.

कुकरची शिटी आणि रबर दोन्ही काढायचं, पाणी घालायचं नाही, तळाला दोन बोटं जाड मीठ, वर स्टँड, दहा मिनिटं रिकामा तापवून मग डबा ठेवायचा. गॅस एकदम बारीक. पाऊण तास ते तास लागतो, आणि पहिली पस्तीस-चाळीस मिनिटं झाकण उघडून बघायचं नाही, वास आला तरी नाही. करपतो तो मिठाचा थर पातळ असल्यामुळे, नाहीतर डबा तळाला टेकत असेल. जुना कुकर घे, नव्याचं बूड काळं पडतं, आणि त्यावरून घरात कोणी बोललं तर मला पत्र नको.